राखीव प्रत थांबते तेव्हा

शाळेचे दप्तर म्हणजे गावाच्या स्मृतीचे भांडार होय. चाळीस वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेला गृहस्थ जन्मतारखेच्या दाखल्यासाठी पुन्हा शाळेच्या दारात उभा राहतो आणि जुन्या दाखल-खारीज रजिस्टरातील एका ओळीवर त्याचे काम होते. म्हणूनच मुख्याध्यापक ते रजिस्टर कुलुपात ठेवतात व वाळवीपासून जपतात. अलीकडे ह्या दप्तराचा बराच भाग संगणकात गेला आहे. यू-डायस प्लसवर भरलेली माहिती शासनाच्या यंत्रणेत राहते हे खरे; परंतु निकालपत्रके, शिष्यवृत्तीच्या याद्या, पोषण आहाराचे हिशेब, पत्रव्यवहार व स्वतः तयार केलेल्या चाचण्या ह्या बहुधा शाळेच्या संगणकातच असतात. त्यांना वाळवी लागत नाही; तथापि संगणक बिघडला तर त्या एका क्षणात नाहीशा होऊ शकतात.

ह्यावर उपाय म्हणून अनेक शाळांनी बाह्य हार्ड डिस्क जोडून राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, घेण्याची व्यवस्था केली आहे. व्यवस्था उत्तम आहे. परंतु तिच्यात एक दोष संभवतो. ती बंद पडते तेव्हा फारसा गाजावाजा करीत नाही. जूनमध्ये डिस्क जोडली, दिवा लागला, शिक्षक निश्चिंत झाले. सप्टेंबरात प्रत घेणे थांबले. पडद्याच्या कोपऱ्यात आलेली सूचना कोणाच्या ध्यानात आली नाही. मार्चमध्ये संगणक बिघडला आणि डिस्क उघडून पाहावी तो शेवटची प्रत सप्टेंबरची! राखीव प्रत नाही हे ज्यास ठाऊक आहे तो निदान सावध राहतो. ती आहे असे समजून चालणाऱ्याचीच फसगत होते.

प्रत कशी घेतली जाते

विंडोज १० व ११ ह्या संगणकप्रणालींत 'फाईल हिस्टरी' नावाची सोय आहे. ती २०१२ साली विंडोज ८ बरोबर आली. ती सुरू केल्यावर संगणक ठराविक वेळाने, मूळ मांडणीनुसार दर तासाला, बदललेल्या फाइलींची नवी प्रत बाह्य डिस्कवर लिहितो व जुन्या प्रतीही राखतो. बहुतेक बाह्य हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या वेगाने फिरत असतात. लहान डिस्कमध्ये हा वेग सामान्यतः मिनिटाला ५४०० फेऱ्यांचा असतो. लेखन-वाचन करणारे टोक तबकडीला न टेकता तिच्या अगदी लगत तरंगते. एवढी नाजूक रचना असल्यामुळे धक्का लागणे, चालू असता तार उपसणे किंवा वीज अकस्मात जाणे ह्या गोष्टी तिला बाधक ठरतात.

प्रथम काय करू नये

डिस्क चालेनाशी झाली की कित्येकदा पडद्यावर 'डिस्क फॉरमॅट करावी लागेल' अशा अर्थाचा संदेश येतो. तेथे होकार देऊ नये. फॉरमॅट करणे म्हणजे आतील नोंदींची अनुक्रमणिका पुसून टाकणे होय. विद्यार्थी दोन दिवस आला नाही म्हणून कोणी त्याचे नाव पटावरून कमी करीत नाही. आधी घरी जाऊन चौकशी करतो. येथेही तोच क्रम ठेवावा.

दुसरे असे की, बिघाड राखीव प्रतीत असतो तेव्हा मूळ फाइली संगणकात सहसा शाबूत असतात. म्हणून दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी अत्यावश्यक फाइली एखाद्या स्वच्छ पेन ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. त्यानंतरचे काम घाई न करता करता येते.

बाहेरून आत तपासावे

बिघाड शोधताना सोप्याकडून अवघडाकडे हा अध्यापनाचाच नियम पाळावा. काखेत कळसा आणि गावाला वळसा असे होऊ नये.

१. जोडणी. डिस्क व संगणक ह्यांमधील केबल दोन्ही टोकांना नीट बसली आहे काय, हे पाहावे. मग दुसरी केबल वापरून पाहावी. लहान डिस्कला वीज यूएसबीच्या खाचेतूनच मिळते. यूएसबी २ ची खाच ५०० मिलिअँपिअर, तर यूएसबी ३ ची ९०० मिलिअँपिअर प्रवाह देण्यासाठी आखलेली असते. एकाच खाचेवर अनेक उपकरणे जोडली तर वीज अपुरी पडते व डिस्क मधूनच सुटते. अशा वेळी डिस्क संगणकाच्या मागील बाजूच्या खाचेत थेट जोडावी. मोठ्या डिस्कला स्वतंत्र अॅडॉप्टर असतो, तोही तपासावा. शेवटी डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून पाहावी. तेथे ती चालली तर दोष डिस्कचा नव्हे, हे ठरले.

२. ओळख. डिस्क 'धिस पीसी'मध्ये दिसत नसेल तर 'स्टार्ट'च्या चिन्हावर माऊसचे उजवे बटण दाबून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. तेथे ती दिसते, पण तिला ई, एफ असे अक्षर दिलेले नसते, असे कधीकधी घडते. अक्षर दिल्याने आतील मजकुरास धोका नसतो. मात्र 'इनिशियलाइझ' करण्याची विचारणा झाल्यास ती नाकारावी व जाणकारास दाखवावे.

३. निवड. डिस्क दिसते, उघडते, तरीही प्रत होत नाही, असे असेल तर 'कंट्रोल पॅनेल'मधील 'फाईल हिस्टरी' उघडावी. ती बंद असेल तर सुरू करावी. दुसरीच डिस्क निवडलेली असेल तर 'सिलेक्ट ड्राइव्ह'मधून योग्य ती निवडावी. शेवटची प्रत केव्हा झाली ती तारीख तेथेच दिसते. मग 'रन नाऊ' दाबावे आणि तारीख बदलते की नाही ते पाहावे.

४. जागा. मूळ मांडणीनुसार जुन्या प्रती कायम ठेवल्या जातात. स्नेहसंमेलनाची चित्रफीत व सहलीची छायाचित्रे साठत जाऊन डिस्क भरते व नव्या प्रती थांबतात. 'अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज'मधील 'क्लीन अप व्हर्जन्स' ह्या सोयीने जुन्या आवृत्त्या काढता येतात. डिस्कवरील 'फाईल हिस्टरी'चे फोल्डर हाताने पुसू नये.

५. व्याप्ती. हा बिघाड नव्हे, पण परिणाम तोच होतो. फाईल हिस्टरी मूळ मांडणीनुसार डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठराविक जागांचीच प्रत घेते. 'डी' ड्राइव्हमध्ये स्वतंत्र फोल्डर करून त्यात निकाल ठेवण्याची पद्धत अनेकांची आहे. त्या फोल्डरची प्रत मुद्दाम समाविष्ट केल्यावाचून होत नाही. तसेच ही सोय प्रत्येक खात्यापुरती असते. एकाच संगणकावर दोन शिक्षकांची दोन खाती असल्यास दोघांनीही ती सुरू केली पाहिजे.

६. प्रकृती. तबकडीची डिस्क थांबून थांबून टक्-टक् असा आवाज करू लागली, तर आतील यंत्रणा निकामी होत असल्याची ती खूण समजावी. ती तत्काळ बंद करावी. वारंवार जोडून पाहू नये. आवाज नाही, परंतु फाइली उघडताना चुका येतात, अशा वेळी डिस्कच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'टूल्स' ह्या भागात तपासणीची सोय आहे. तपासणीत दुरुस्ती करताना डिस्कवर लेखन होते. म्हणून तिच्यातील वाचता येणारा महत्त्वाचा मजकूर आधी अन्यत्र उतरवावा. एकदा वारंवार चुका करू लागलेल्या डिस्कवर पुन्हा भिस्त ठेवू नये.

शनिवारचा नेम

डिस्क सदैव जोडून ठेवावी असा मोह होतो. परंतु विजेचा झटका किंवा फाइली कुलूपबंद करणारा विषाणू आला तर संगणकाबरोबर जोडलेली डिस्कही त्याच्या तावडीत सापडते. उलट ती कपाटातच पडून राहिली तर प्रत होत नाही. ह्यातील मध्यम मार्ग म्हणजे ठरलेला वार. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर वीस मिनिटे राखून ठेवावीत. डिस्क जोडावी, 'रन नाऊ' दाबावे, तारीख पाहावी. नंतर 'रिस्टोअर पर्सनल फाइल्स'मधून त्या आठवड्यातील एक फाईल परत आणून उघडून पाहावी. मूळ फाईल झाकली जाऊ नये म्हणून ती वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवावी. मग डिस्क सुरक्षितपणे विलग करण्याची आज्ञा देऊन केबल काढावी व डिस्क कपाटात ठेवावी. एका साध्या वहीत तारीख, उघडलेल्या फाइलीचे नाव व स्वाक्षरी एवढी नोंद पुरेशी आहे. शक्य असल्यास दुसरी डिस्क केंद्रशाळेसारख्या वेगळ्या इमारतीत ठेवावी. त्यामुळे आग वा चोरी झाली तरी दप्तर वाचते.

पाठ झाला की नाही, हे गुरुजी मुलाच्या मान डोलावण्यावरून ठरवीत नाहीत. त्यास उभे करून म्हणावयास लावतात. राखीव प्रतीचीही परीक्षा अशीच घ्यावयाची असते. डिस्कवरील दिवा म्हणजे मान डोलावणे. परत आणून उघडलेली फाईल हेच उत्तर. उद्या दाखल्यासाठी शाळेच्या दारात उभा राहणारा माणूस आज कदाचित पहिलीच्या वर्गात बसलेला असेल. त्याची ओळ शाबूत राहील की नाही, हे त्या वीस मिनिटांवर अवलंबून आहे.