ऑर्डरच्या चिठ्ठीवर रॅकचा नंबर: एक्सएसएलटीमध्ये तो यादीतून कसा आणायचा?

व्हिडिओत हा भाग भरभर गेला, म्हणून इथे सावकाश सांगतो.

समजा, पळस्पे फाट्यावर तुमचं मसाल्याचं दुकान आहे. टॅलीतून डेटा एक्सएमएलमध्ये काढता येतो. त्यावर एक्सएसएलटीची स्टाईलशीट लावली की हवा तसा कागद छापता येतो. तुमची मालाची यादी अशी: हळद, मिरची, धणे, जिरे. रॅकही त्याच क्रमाने, १ ते ४. ऑर्डर आली जिरे आणि हळदीची. म्हणजे गोदामातल्या मुलाच्या चिठ्ठीवर ४ आणि १ यायला हवेत, बरोबर?

बहुतेक जण इथे ‘पोझिशन’ वापरतात. ते ऑर्डरच्या ओळी मोजतं आणि १, २ देतं. मुलगा हळद आणि मिरची काढतो, टेम्पो पेणच्या रस्त्याला लागतो, आणि जिरे दुकानातच!

मग करायचं काय? यादीवर नावानुसार एक ‘की’ बनवा. ऑर्डरमधलं नाव आधी व्हेरिएबलमध्ये ठेवा. मग ‘फॉर-ईच’ने त्या कीमधून सापडलेल्या नोंदीवर जा आणि तिथे ‘नंबर’ ही सूचना लिहा. १९९९ च्या १.० आवृत्तीत ही सूचना आपण ज्या नोंदीवर उभे असतो, तिचाच क्रमांक काढते. म्हणून आधी यादीत जाऊन उभं राहायचं. जिऱ्याच्या आधी तशाच तीन नोंदी, म्हणून ४.

यादी वेगळ्या फाईलमध्ये असेल तर आणखी एक पायरी लागते. १.० मध्ये की चालू फाईलमध्येच शोधते. त्यामुळे ‘डॉक्युमेंट’ने ती फाईल उघडून आधी तिच्यात शिरा. नाव व्हेरिएबलमध्ये ठेवायला सांगितलं ते यासाठीच, कारण आत गेल्यावर ऑर्डरची ओळ हातात राहत नाही. २००७ च्या २.० आवृत्तीत ‘नंबर’ला थेट ‘सिलेक्ट’ देता येतं, हा सगळा फेरा वाचतो. पण तुमचं सॉफ्टवेअर कोणती आवृत्ती चालवतं ते आधी बघा.

आता एक खोच. उद्या यादीत मिरचीच्या आधी मोहरी घातलीत, तर पुढचे सगळे नंबर सरकतील, रॅकवरचे स्टिकर मात्र तसेच. नवा माल शेवटीच जोडा. माझं मत विचाराल तर रॅक नंबर यादीतच प्रत्येक नोंदीसोबत लिहून ठेवा आणि कीने तोच उचला. मोजणीची भानगडच नको.

आणि हो, जीएसटी बिलाचा नंबर असा मोजून काढू नका. तो सलग, आर्थिक वर्षात एकदाच येणारा आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा लागतो. तो बिलिंग सॉफ्टवेअरलाच देऊ द्या.