तोही एक जीव

२५ जुलै २०२४ ला फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. माझी त्यांची ओळख फक्त वाचनातली. तरी मराठी लिहिण्यातले ते माझे उस्ताद.

आमच्या अंजूरकडून वाहणारी उल्हास पुढे वसईच्या खाडीला मिळते. फादर त्याच वसईचे. ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन त्यांनी अनेक वर्षं केलं, हरित वसईसाठी लढले, ‘सुबोध बायबल’ या नावानं बायबलचा मराठी अनुवाद केला. २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

त्या संध्याकाळी अम्मीनं विचारलं, “ते तर ईसाई. मग तू का रडतेस?”

मी तिला बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतली हदीस सांगितली. एका यहुदी माणसाचा जनाजा जात होता. प्रेषित मुहम्मद (स.) उठून उभे राहिले. तो यहुदी होता, असं लोकांनी सांगितलं. तेव्हा त्यांनी उलट विचारलं, तो एक जीव नव्हता का?

मग्फिरतीच्या दुआचा मसला उलेमांकडून समजून घ्यावा. पण दुःख मानायला, दुःखी माणसाला धीर द्यायला आपल्या दीनची मनाई नाही.

अम्मी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “वसईला तुझी ती ईसाई मैत्रीण आहे ना? तिला आधी फोन कर.”