केळवण : एक लौकिक विधी

महाराष्ट्रातील विवाहसंस्थेचे विवेचन बहुधा वाङ्निश्चयापासून निघते आणि सप्तपदीशी येऊन थांबते. या दोहोंच्या दरम्यान आप्तेष्टांच्या घरी जी जेवणे होतात, त्यांची गणना विधींत करण्याइतके महत्त्व त्यांना सहसा दिले जात नाही. तथापि वधूच्या बदलत्या स्थानाचा विचार करावयाचा झाल्यास केळवण हा प्रसंग दुर्लक्षून चालणार नाही.

लग्न ठरले, की नवऱ्या मुलीस अथवा मुलास आईबापांसह जेवावयास बोलवावे, पाटाभोवती रांगोळी काढावी, औक्षण करावे, गोडाधोडाचे जेवण वाढावे, आणि निघताना मुलीची ओटी भरून यथाशक्ति आहेर द्यावा, इतकेच या विधीचे स्वरूप. मुंजीपूर्वी बटूचेही केळवण होते. काही घरांत स्वतःच्या घरी होणारे ते केळवण व आप्तांनी केलेले ते गडगनेर असा भेद करतात. व्यवहारात मात्र दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी येतात.

या विधीस मंत्र नाही, पुरोहित नाही आणि मुहूर्तही नाही. गृह्यसूत्रांत त्याचा शोध घेणे व्यर्थ होय. परंतु सूत्रकारांना अशा आचारांची जाणीव नव्हती, असे नव्हे. विवाहात देशोदेशीचे व गावोगावचे निरनिराळे आचार पाळावेत, असे आश्वलायन सांगतो. आपस्तंब तर त्याही पुढे जाऊन असे आचार स्त्रियांकडून जाणून घ्यावेत, असे म्हणतो. केळवणाचे शास्त्र आजही घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्याच तोंडी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे आपस्तंबाच्या सांगण्यातील व्यवहारज्ञान पटते.

मुहूर्त नसला, तरी क्रम असतो. आणि तो सांभाळणे हेच या प्रसंगाच्या आयोजनातील खरे अवघड काम. देवक बसण्यापूर्वी केळवणे उरकावयाची असतात. दिवस थोडे आणि बोलावणी फार. मामाचे घर टाळता येत नाही, कारण बोहल्याकडे मुलीस नेण्याचा मान त्याचा. चुलत्याकडे आधी गेल्यास मामी दुखावते. आत्याचे निमंत्रण उशिरा स्वीकारले, तर ती गोष्ट पुढे वर्षानुवर्षे निघते. चाळीतल्या शेजारणीचाही हक्क असतो, आणि तो नात्याच्या हक्काहून कमी समजला जात नाही. मुलीची आई जेव्हा या तारखा लावते, तेव्हा ती वस्तुतः कुटुंबाच्या आप्तसंबंधांचा नकाशाच आखीत असते. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यास वंशावळीपेक्षा ही यादी अधिक बोलकी वाटावी.

आता वधूच्या स्थानाकडे वळू. ज्या काकूच्या स्वयंपाकघरात मुलगी कालपर्यंत स्वतः पाट मांडीत होती, पाने वाढीत होती, तेथेच ती आज पाटावर बसते आणि इतर तिला आग्रह करतात. उठून पाणी घेऊ लागली, तर तिला बसविले जाते. आपल्याच माणसांत पाहुणी होण्याचा हा तिचा पहिला अनुभव. कन्यादानाने ती दुसऱ्या कुळात जाते, हे शास्त्राचे म्हणणे झाले. माहेरवाशीण होण्यास प्रारंभ मात्र त्याआधीच, जेवणाच्या पानावर होतो. इरावती कर्वे यांनी 1953 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आप्तसंबंधविषयक ग्रंथात उत्तरेकडे मुलगी परक्यांत जाते व दक्षिणेकडे बहुधा नात्यातच राहते, हा भेद दाखविला आहे. महाराष्ट्रात दोन्ही प्रकार आढळतात. मुलगी परक्या घरी जावयाची असता केळवणाच्या पानावर आईचे डोळे का भरून येतात, आणि मुलाच्या केळवणात तसे का होत नाही, याचा उलगडा त्यावरून होऊ शकेल.

अमेरिकेतील ‘ब्रायडल शॉवर’ हा प्रकार वरवर पाहता याच्याच जातीचा वाटतो. वधूस तिच्या मैत्रिणींनी विवाहापूर्वी एकत्र जमून संसारोपयोगी वस्तू देण्याची ही रीत तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली. परंतु तेथे भेटवस्तू मुख्य, खाणे गौण. येथे जेवण मुख्य, आहेर गौण. वधूच्या आईने वा बहिणीने शॉवरचे यजमानपद घेऊ नये, असा संकेत तेथील शिष्टाचारात दीर्घकाळ होता, कारण घरच्यांनीच भेटी मागितल्यासारखे ते दिसे. केळवणात उलट जवळच्या नातलगाने बोलावले नाही, तरच बोल लागतो. अर्थात आपल्याकडचा आहेर अगदी निर्हेतुक असतो, असे समजण्याचे कारण नाही. कोणी काय दिले, हे वहीत टिपले जाते आणि त्याच तोलाने परत केले जाते. दानास परतफेडीचे बंधन असते, हा मार्सेल मोस याने 1925 च्या सुमारास मांडलेला सिद्धांत समजावून घेण्यास ही वही पुरेशी आहे.

या गोड प्रसंगास एक कडू बाजूही आहे. औक्षण आणि ओटी हा सवाष्णीचाच अधिकार, अशी समजूत असल्यामुळे, जिने मुलीस लहानाचे मोठे केले ती मावशी विधवा असेल, तर तिने दिवसभर राबून पक्वान्ने करावीत आणि ओवाळण्याच्या वेळी मात्र दाराआड उभे राहावे, असे घडत आले आहे. वैदिक विधींत बदल सुचविला की पोथीचा आधार पुढे केला जातो. येथे तर पोथीच नाही. अडथळा आहे तो केवळ रूढीचा आणि तिची राखण करणाऱ्या घरच्याच स्त्रियांचा. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतिनिधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून तो इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. तो ठराव मृत्युप्रसंगापुरता होता. विधवा मावशीच्या हाती निरांजन देण्यास मात्र ग्रामसभेची गरज नाही. वधूच्या आईने तबक तिच्यापुढे केले, की पुरते. काही घरांतून ते केले जाऊ लागले आहे. तेथे पहिला आक्षेप पुरुषांकडून येत नाही. तो बहुधा त्या मावशीच्याच तोंडून येतो.