ओल्या कातळावरील बेडूक आणि त्याचे कुल

बेडकाचा पाठ शिकविताना आपण फळ्यावर चार चित्रे काढतो : अंडे, शेपटीचे पिल्लू म्हणजे भैकेर, पाय फुटलेला भैकेर आणि बेडूक. ‘भैकेर डबक्यात पोहतो’ हे वाक्य मुले पाठ म्हणतात. गतवर्षी आषाढात तालुक्याच्या पश्चिम भागातील एका शाळेत पाठ पाहत असता तिसरीतील एक मुलगी उठून म्हणाली, “गुरुजी, आमच्या वाटंवरच्या कातळाला शेपटीची पिल्लं चिकटल्याली असतात. तिथं डबकं न्हाई.” वर्गशिक्षकांनी तिला चूक ठरवून खाली बसविले. मीही गप्प राहिलो. वस्तुतः मुलीचे निरीक्षण बरोबर होते. ती चूक निस्तरण्यासाठीच हे टिपण.

सह्याद्रीत ‘इंडिराना’ नावाच्या प्रजातीचे बेडूक आहेत. त्यांचे भैकेर डबक्यात राहत नाहीत. पाणी झिरपणाऱ्या खडकावर ते चिकटून राहतात व तेथील शेवाळ खरवडून खातात. त्यांची शेपटी लांब व अरुंद असते आणि मागचे पाय लवकर फुटतात. हात लावू गेल्यास ते उसळी मारून दूर होतात.

आता वर्गीकरण पाहू. प्राण्याचा पत्ता आपण सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशा पायऱ्यांनी सांगतो. घरच्या पत्त्यात जिल्हा, तालुका, गाव येतात, तसेच हे. पूर्वी हे बेडूक ‘राना’ या मोठ्या प्रजातीत घातलेले होते. माथेरानच्या बेडकाला बूलंजे यांनी 1888 मध्ये ‘राना लेथी’ असे नाव दिले. 1986 मध्ये लोराँ यांनी ‘इंडिराना’ ही वेगळी प्रजाती केली. पुढे डीएनएच्या अभ्यासाने ही शाखा फार जुनी ठरली व ‘रॅनिक्सॅलिडी’ हे स्वतंत्र कुल मान्य झाले. हे कुल भारताबाहेर कोठेही नाही. 2016 मध्ये त्यातील दक्षिणेकडील काही जाती ‘वॉकराना’ या दुसऱ्या प्रजातीत गेल्या.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची घटना 2014 मधील आहे. आजऱ्यावरून पुढे लागणाऱ्या आंबोलीतील बेडूक तोवर जुन्या नावांखाली मोडत होता. पाध्ये, मोडक व डहाणूकर यांनी तो निराळा असल्याचे दाखवून त्यास ‘इंडिराना चिरावासी’ हे नाव दिले. चिरा म्हणजे आपला जांभ्याचा दगड. शास्त्रीय नावे परकीच असतात, ही मुलांची समजूत या एका नावाने दूर होईल.

‘आदिम’ हा शब्द मात्र जपून वापरावा. सर्वांत प्राचीन ठेवणीचे बेडूक न्यूझीलंडमध्ये व उत्तर अमेरिकेत आहेत. त्यांच्या पाठीच्या कण्यात इतर बेडकांहून अधिक मणके असतात, आणि प्रौढपणी शेपटी नसूनही ती हलविणारे स्नायू टिकून असतात. आपल्या कुलाचे प्राचीनत्व अशा ठेवणीत नाही. इतर बेडकांपासून त्याची शाखा कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटली, यात ते आहे. आदिम म्हणजे मागासलेला नव्हे, हेही मुलांस सांगावे.

नाव नसलेल्या जीवाची गणती होत नाही आणि गणती नसलेला जीव नाहीसा झाला तरी कोणास कळत नाही. म्हणून पुढील गोष्टी कराव्यात :

1. जून ते सप्टेंबर या काळात शाळेजवळचा एखादा पाझरता कातळ निवडून दर आठवड्यास पाहावा. निसरड्या जागी मुलांना एकटे सोडू नये.

2. भैकेर उचलू नयेत व बाटलीत ठेवू नयेत. कातळावर साबण व धुण्याचे पाणी जाऊ देऊ नये.

3. दिनांक, जागा व दिसले ते मुलांच्याच शब्दांत वहीत लिहून घ्यावे.

4. पुस्तकातील वाक्य व मुलाचे निरीक्षण जुळले नाही, तर मुलास खाली बसविण्यापूर्वी त्याच्याबरोबर जाऊन ती जागा पाहावी.

यंदाच्या पावसाळ्यात त्या मुलीच्या वाटेवरील कातळ तिच्याच वर्गासह पाहण्याचे मी ठरविले आहे. वाट तीच दाखवील.