हातांत धरावयाचा हवेचा पंख

शीड म्हटलें कीं डोलकाठी आली आणि दोर आले, असा सर्वसाधारण समज असतो. अलीकडे समुद्रक्रीडेंत आलेल्या हातपंखानें तो खोटा ठरविला आहे. हा पंख फळीला कोठेंच जोडलेला नसतो. खेळाडू तो दोन्ही हातांनीं वाऱ्यांत धरतो. फळीच्या तळाशीं एक उभा दांडा असून त्याच्या टोकाला विमानाच्या पंखांसारखें पातें पाण्यांत बुडालेलें असतें. वेग येतांच तें फळीला पाण्याबाहेर उचलतें आणि माणूस लाटांच्या वर हात-दीड हात उंचीवरून जवळजवळ निःशब्द पुढें सरकतो.

हवा भरून ताठ केलेल्या कडेची कल्पना मूळची पतंगाची. फ्रान्समधील ब्रुनो व दोमिनिक लेगेन्यू या बंधूंनीं १९८४ सालीं तिचें पेटंट घेतलें. पुढें हवाईच्या माउई बेटावर केन विनर यांनीं हातपंखास सुटसुटीत रूप दिलें, व २०१९ पासून निरनिराळ्या कारखान्यांचे पंख बाजारांत येऊं लागले.

गिऱ्हाईक प्रथम विचारतें तें क्षेत्रफळ. प्रश्न गैर नाहीं. वाऱ्याचा वेग ताशीं १२ सागरी मैलांवरून २४ वर गेला तर ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणून एकाच पंखावर सर्व ऋतु भागत नाहींत. परंतु ५ चौरस मीटरचे दोन पंख हातांत अगदीं भिन्न प्रकृतीचे निघतात. भेद असतो तो पुढच्या फुगीर नळींत. नळीची न वाकण्याची शक्ति आंतील दाबाच्या प्रमाणांत वाढते खरी, पण व्यासाच्या बाबतींत ती घनाच्या प्रमाणांत बदलते. व्यास एक-पंचमांशानें कमी केला कीं शक्ति जवळजवळ निम्म्यावर येते! उलट नळी फार जाड केली तर तीच वाऱ्याला अडविते. तेव्हां कारखानदारानें छापलेल्या दाबापर्यंत हवा भरावी आणि बऱ्यापैकीं वाऱ्यांत पंख जोरानें वरखालीं हलवून पाहावा. हाताचा जोर नळी वाकण्यांतच खर्ची पडत असेल, तर तो पंख कितीही हलका व देखणा असला तरी कामाचा नाहीं.

पंख ओढतो कसा हें सारेच पाहतात. तो स्वस्थ राहतो कसा हें थोडेच पाहतात. लाटेवर स्वार झाल्यावर मागचा हात सोडून पंख केवळ पुढच्या मुठीनें धरावयाचा असतो. त्या वेळीं त्यानें निशाणाप्रमाणें शांतपणें मागें तरंगावें. हिसके देणारा, उलटणारा पंख नवशिक्यास पाण्यांत लोटतो. ही परीक्षा वाळूवर उभें राहूनही घेतां येते.

वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असेल, तर मात्र प्रश्न जिवाचा होतो. मनगटास दोरीनें बांधलेला हा पंख संकटांत तरंगण्याचा आधार असतो. पण पडतांना पाण्यांतल्या पात्याची धार लागून नळी फाटूं शकते. पुढची नळी व मधला कणा यांना जोडणाऱ्या रबरी नळीवर चिमटा असतो, तो हवा भरल्यावर बंद करावा. म्हणजे एक भाग रिकामा झाला तरी दुसऱ्यांतील हवा टिकते. चिमटा नसलेला अथवा ढिला असलेला पंख परत करावा.

शिवाय, नवा पंख एक रात्र भरून ठेवावा. पहाटेच्या गारव्यानें तो किंचित् मऊ लागेल, त्याची चिंता नको. ऊन चढल्यावरही तो ताठ झाला नाहीं, तर हवा कोठून तरी निसटत आहे असें समजावें.