६४ दिवस, १८ महिने

१९८९च्या फेब्रुवारीत म्हापशाजवळच्या पर्रा गावातल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलीस घेऊन गेले. त्याने रक्तदान केले होते आणि त्या रक्तात एचआयव्ही सापडला होता, एवढेच कारण. अशांना वेगळे ठेवायची तरतूद गोव्याच्या आरोग्य कायद्यात होती. म्हापशातल्या ओस पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात तो ६४ दिवस बंद होता. आई लूसी कोर्टात गेली. मुलगा सुटला, पण डिसेंबरात हायकोर्टाने कायदा उचलून धरला. १९९२मध्ये डॉमिनिक गेला. त्याने उभी केलेली 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था मागे राहिली.

रक्त दिले की नाव फुटते, हा धडा या भागात औषधाच्या आधी पोचला. औषध आले २००२च्या सुमारास : आईचा एचआयव्ही बाळाला लागू नये म्हणून कळा सुरू झाल्यावर तिला नेव्हिरापीनची एक गोळी, जन्मानंतर बाळाला एक मात्रा. बाई बाळंतपणाला दवाखान्यात आली की काम झाले. २०१४पासून एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईला तीन औषधांचा उपचार आणि तोही जन्मभर, असे ठरले. काहीच केले नाही तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. नीट उपचाराने हे प्रमाण पाचाच्या खाली येते. पण आता एक दिवस गाठून भागत नाही. बाळाची सहाव्या आठवड्यात तपासणी होते, शेवटचा निकाल १८ महिन्यांनी.

या काळात बाई निसटते कुठे? पहिले बाळंतपण माहेरी. सासर डिचोलीत, माहेर दोडामार्गात; मध्ये राज्याची हद्द, आणि फाइल अलीकडेच राहते. म्हणून जाणती समुपदेशक बाईच्या तपासणीच्या निकालाआधीच विचारून ठेवते, "बाळंतपणाला कुठे जाणार? फोन कुणाच्या हातात असतो?"

दुसरी जागा स्वयंपाकघरातली. एचआयव्हीच्या गोळ्यांच्या बाटलीवरचे लेबल सोललेले असते. सासूने विचारले तर "रक्तवाढीची गोळी" हे उत्तर गरोदरपणात खपून जाते. बाळ रांगू लागले, रक्तवाढीच्या गोळ्या थांबल्या, की उत्तरही संपते. मग गोळी चुकते, तारीख चुकते.

संमतीशिवाय तपासणी नाही, नाव फोडायचे नाही, असे सांगणारा २०१७चा केंद्रीय कायदा १० सप्टेंबर २०१८ला लागू झाला. डॉमिनिकला हवे होते ते अमलात यायला २९ वर्षे लागली. सासूला द्यायचे नवे उत्तर मात्र त्या बाईला अजून समुपदेशकाशेजारी बसूनच शोधावे लागते.