सागरावर ओर्का कसा पाहावा?

म्हैसूर जिल्ह्यातील बन्नूर हे गाव कावेरीच्या काठाजवळ वसलेले आहे. तेथून जवळात जवळचा समुद्रकिनाराही सरळ रेषेत दीडशे किलोमीटरांहून दूर आहे. तेव्हा अशा गावातील विद्यार्थ्याने ओर्का नावाच्या सागरी प्राण्याचा विचार का करावा, अशी शंका कोणी घेईल. परंतु नदीकाठी बसून त्याने पाणकावळ्याला बुडी मारताना पाहिले असेल, तर या विषयाचे अर्धे मर्म त्याला आधीच ठाऊक आहे. पाणकावळा क्षणभर दिसतो, पाण्याखाली जातो, आणि पुन्हा वर येतो तो भलत्याच ठिकाणी. प्राणी तेथे असणे आणि तो आपल्याला दिसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा पहिला धडा होय.

ओर्का पाहण्याकरिता पुष्कळ लोक मोठा खर्च करून सागरसफरीला जातात, आणि त्यांतील कित्येक काही न पाहता परततात. हा केवळ दैवाचा खेळ नव्हे. प्राण्याचे वर्तन, समुद्राची स्थिती आणि पाहणाऱ्याची रीत या तीन गोष्टी समजून घेतल्या, तर दर्शनाची संभाव्यता पुष्कळ वाढविता येते.

प्राण्याची ओळख

ओर्का हा देवमासा म्हणून ओळखला जात असला, तरी वस्तुतः तो डॉल्फिनांच्या कुलातील सर्वांत मोठा प्राणी आहे. पाठ काळी, पोट पांढरे आणि डोळ्यामागे पांढरा ठिपका ही त्याची खूण. प्रौढ नराच्या पाठीवरील पर सरळ उभा असून तो 1.8 मीटरपर्यंत, म्हणजे उंच माणसाएवढा, वाढतो. मादीचा पर त्याच्या निम्म्याइतका व मागे वळलेला असतो. मासा कल्ल्यांनी श्वास घेतो. ओर्काला आपल्याप्रमाणे फुप्फुसे आहेत. म्हणून त्याला श्वासाकरिता वर यावेच लागते. निरीक्षकाची सारी आशा या एका गरजेवर अवलंबून असते.

भक्ष्य जेथे, तेथे शिकारी

ओर्का जगातील सर्व महासागरांत आढळतो. परंतु सर्वत्र सारख्या प्रमाणात नव्हे. भारतीय समुद्रांतही त्याच्या नोंदी आहेत, मात्र त्या फारच तुरळक. म्हणून प्रवासाचे ठिकाण ठरविताना “ओर्का कोठे आहेत?” असे न विचारता “त्यांचे अन्न कोठे व केव्हा गोळा होते?” असे विचारावे. अर्जेंटिनातील वाल्देस द्वीपकल्पावर मार्च-एप्रिलच्या सुमारास सागरसिंहांची पिले पाण्यात उतरू लागतात. तेव्हा ओर्का त्यांच्यासाठी थेट किनाऱ्याला भिडतात, आणि जमिनीवर उभ्या असलेल्या माणसालाही ते दिसतात.

नॉर्वेचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. तेथे हेरिंग माशांचे प्रचंड थवे हिवाळ्यात किनाऱ्याजवळ येतात व त्यांच्यामागे ओर्का येतात. 1990 नंतरच्या दशकात हे दृश्य टिस्फियोर्ड या खाडीत दिसत असे. पुढे हेरिंगांनी आपले हिवाळी मुक्काम बदलले, आणि अलीकडच्या वर्षांत ओर्का पुष्कळ उत्तरेला, शेरवॉय बेटाच्या परिसरात, दिसू लागले. जुने प्रवासवर्णन हाती धरून जो जुन्या खाडीत जाईल, त्याच्या पदरी निराशाच येईल. शिवाय शेरवॉयच्या अक्षांशावर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. दुपारी काही तास संधिप्रकाश असतो तेवढाच. म्हणून प्राणी आलेले आहेत आणि उजेडही आहे, असा नोव्हेंबरचा आरंभकाळ निरीक्षकाला सोयीचा.

दिवसांची संख्याही महत्त्वाची आहे. समजा, एका दिवसात दर्शन होण्याची संभाव्यता चारात एक आहे. म्हणजे न होण्याची ती चारात तीन. तीन दिवस ओळीने दर्शन न होण्याची संभाव्यता ¾ × ¾ × ¾, म्हणजे 27/64. अर्थात एकदा तरी दर्शन होण्याची 37/64. एका दिवसाची निराशा तीन दिवसांत निम्म्याहून अधिक आशेत पालटते.

समुद्राची स्थिती

वाऱ्याचा जोर मोजण्याकरिता नाविक बोफर्ट श्रेणी वापरतात. शून्य म्हणजे आरशासारखे पाणी. तिसऱ्या पायरीवर लाटांचे माथे फुटू लागून तुरळक पांढरा फेस दिसतो. येथून पुढे प्रत्येक फेस परासारखा आणि प्रत्येक तुषार श्वासासारखा भासू लागतो, आणि डोळा फसतो.

आपल्या कोकण किनाऱ्यावर हे उत्तम रीतीने अनुभवास येते. सिंधुदुर्गच्या उथळ पाण्यात, विशेषतः खाड्यांच्या मुखांजवळ, हिंदी महासागरातील कुबडवाला डॉल्फिन राहतो. वर येताना बहुधा त्याची लांब चोच प्रथम दिसते, मग कुबडावर बसविलेला छोटा पर. त्याच किनाऱ्याला पाठीवर पर नसलेला एक लहान शिंशुकही आहे; किंचित वारा सुटला तरी तो लाटांत हरवून जातो. दुपारी जमीन पाण्यापेक्षा अधिक तापते, तिच्यावरील हवा वर चढते व समुद्रावरील वारा तिची जागा घ्यावयास धावतो. म्हणून पावसाळा संपल्यानंतरच्या महिन्यांतील सकाळ ही मालवण-देवगडच्या निरीक्षकाची वेळ होय. 2015 साली याच किनाऱ्यावर कुणकेश्वरजवळच्या समुद्रात संशोधकांना निळे देवमासेही दिसले होते; आपला समुद्र रिकामा नाही, याची ती साक्ष आहे.

कोठे उभे राहावे?

क्षितिजाचे अंतर डोळ्याच्या उंचीवर अवलंबून असते. उंचीच्या मीटरांचे वर्गमूळ काढून त्यास 3.57 ने गुणिले, म्हणजे अंतर किलोमीटरांत मिळते. लहान होडीत डोळा पाण्यापासून 2 मीटर उंच असेल, तर क्षितिज सुमारे 5 किलोमीटरांवर. मोठ्या जहाजाच्या 25 मीटर उंच डेकवर ते सुमारे 18 किलोमीटरांवर. परंतु उंची वाढली तशी जवळच्या प्राण्याची भव्यता कमी होते. शोधावयास उंच डेक उत्तम, अनुभवावयास होडी उत्तम.

आता वेगाचा विचार करू. तासी 37 किलोमीटर वेगाने जाणारे जहाज पाच मिनिटांत तीन किलोमीटर पुढे जाते. ओर्का काही श्वास लागोपाठ घेऊन कित्येक मिनिटे पाण्याखाली राहू शकतो. समजा, तो एक मिनिट वर व पाच मिनिटे खाली आहे. मग एका ओझरत्या नजरेत तो दिसण्याची संभाव्यता सहात एकच उरते. यावरून दोन नियम निघतात. एक, बाजूला किंवा मागे न पाहता जहाजाच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाजवळ, उभे राहून समोरचे पाणी पाहावे. दुसरा, नजर घाईने फिरवू नये. तोच पट्टा पुनःपुन्हा, सावकाश, डावीकडून उजवीकडे न्याहाळावा. आधी उघड्या डोळ्यांनी शोधावे, मग दुर्बिणीने खात्री करावी. हलत्या जहाजावर सातपट मोठे दाखविणारी, 50 मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरे; अधिक शक्तीची दुर्बीण हाताचा कंपही तितकाच वाढविते. काही दिसताच जहाजाचे टोक बारा वाजण्याच्या जागी कल्पून “दोन वाजता, दूर” असे सांगावे, म्हणजे शेजाऱ्यालाही तत्काळ दिशा कळते. सूर्य पाठीशी असावा. घिरट्या घालणारे पक्षी, अकस्मात उसळणारे मासे आणि हवेत क्षणभर तरळणारा धूसर तुषार यांकडे विशेष लक्ष द्यावे.

पाठलाग हा शत्रू

प्राणी दिसताच होडी त्याच्यावर धाडावी, हा मोह सर्वांत घातक. ओर्का आणि डॉल्फिन ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतात. यंत्राच्या गोंगाटात तो प्रतिध्वनी बुडून जातो, आणि प्राण्याची उपासमार होऊ शकते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर चिनूक सामन माशांवर जगणारा ओर्कांचा एक समूह आज शंभराहूनही कमी उरला आहे. म्हणून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात जानेवारी 2025 पासून होड्यांना त्या ओर्कांपासून सुमारे 900 मीटर दूर राहण्याची सक्ती आहे. आपल्याकडेही वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 डॉल्फिनांना संरक्षण देतो. यंत्र मंद करून बाजूला थांबलेल्या होडीजवळ प्राणी पुष्कळदा आपण होऊन येतो. पाठलाग करणाऱ्या होडीपासून तो दूर जातो, आणि उद्याच्या निरीक्षकाचीही संधी नेतो.

सराव

हे सारे कौशल्य बन्नूरच्या नदीकाठीही शिकता येते. घड्याळ व वही घेऊन बसावे. पाणकावळा किती सेकंद खाली व किती वर राहिला, कोठे बुडाला व कोठे निघाला, हे वीस बुड्यांपर्यंत लिहावे. नंतर रंगनथिट्टू अभयारण्यात जाण्याचा योग आला, तर होडीतून मगर व पाणमांजर शोधून पाहावे. ज्या दिवशी काहीच दिसले नाही, त्या दिवसाचीही वेळ, वारा व प्रकाश यांसह नोंद करावी. कारण न दिसल्याची नोंद ठेवल्यावाचून दिसण्याची संभाव्यता काढताच येत नाही. अशी वही भरलेला विद्यार्थी एखाद्या दिवशी सागरावर गेला आणि ओर्का दिसला नाही, तरी तो रिकाम्या हाताने परतणार नाही. पाणी वाचावयास शिकलेला डोळा त्याच्यापाशी असेल.